पहिल्या खेपेला न मिळालेले कार्ड

पाण्याखालच्या गुहेत उतरण्याचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे नुसते ‘कार्ड’ म्हणतात, कोणतेही सरकार देत नाही. खासगी संस्था अभ्यासक्रम ठरवतात, त्यांनी नेमलेला प्रशिक्षक शिकवतो, तोच परीक्षा घेतो आणि त्याची फी आपणच भरलेली असते. क्लासच्या मास्तरांनीच बोर्डाचे पेपर तपासावेत, तसा हा प्रकार. त्यामुळे या कार्डावर विश्वास का ठेवावा, ही शंका मला सुरुवातीपासून होती. शंकेला स्वानुभवाचा आधारही होता. तारकर्लीच्या समुद्रात मला डायव्हिंगची, म्हणजे हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याची, गोडी लागली आणि पुढे नोकरीनिमित्त अमेरिकेत आल्यावर मी एके ठिकाणी शनिवार-रविवारात खुल्या पाण्यातल्या डायव्हिंगचे वरच्या पातळीचे कार्ड मिळवले. मास्कमध्ये पाणी शिरले की मी गोंधळते, हे तिथल्या प्रशिक्षकाने पाहिले होते; कार्ड तरीही मिळाले.

गुहेच्या प्रशिक्षणासाठी मी अटलांटाहून पाच तास गाडी चालवून उत्तर फ्लोरिडातील हाय स्प्रिंग्ज या गावी गेले. जवळच्या जिनी स्प्रिंग्ज येथे चुनखडीच्या खडकातून झरे वर येतात. पाणी बारमाही २२ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि इतके नितळ, की आत जाणे अगदी सोपे वाटावे. गुहेच्या तोंडाशी, पाण्यातच, यमदूताचे चित्र असलेला फलक आहे. अशाच गुहांमध्ये तीनशेहून अधिक डायव्हर मेले आणि त्यांत खुल्या पाण्यात शिकवणारे प्रशिक्षकही होते, असे त्यावर लिहिले आहे. समुद्रात काही बिघडले तर माणूस वर येतो. येथे डोक्यावर खडक असतो आणि जितके आत गेलो तितकेच अंतर परत कापल्याशिवाय हवा मिळत नाही.

अभ्यासक्रमातला जवळजवळ प्रत्येक नियम कोणाच्या तरी मृत्यूतून आलेला आहे. गुहांत उतरणारे नावाजलेले अमेरिकी डायव्हर शेक एक्सले यांनी गुहांतील अपघातांची एकेक करून छाननी केली आणि १९७९ साली त्यातून निघालेले नियम प्रसिद्ध केले: बाहेरपर्यंत सलग दोर हवा, हवेचा एक तृतीयांश भागच आत जाण्यासाठी वापरावा, खोलीची मर्यादा पाळावी. रीतसर प्रशिक्षण आणि प्रत्येकाजवळ तीन दिवे, ही कलमे पुढे त्यांत जोडली गेली. रोज सकाळी झाडाखालच्या बाकावर बसून आम्ही हा हवेचा हिशेब वहीत मांडत असू. टाकीत ३,६०० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब असेल तर १,२०० वापरून, म्हणजे काटा २,४०० वर आला की, मागे फिरायचे. ज्याचा काटा आधी तिथे पोहोचेल त्याने खूण केली की कोणीही कारण विचारायचे नाही. सुरुवातीच्या पातळीवर तर तिसराही नाही, सहावा हिस्साच, म्हणजे ३,००० वर माघार. मला हे कंजूषपणाचे वाटले होते. पण सोबत्याची हवा संपली तर त्यालाही आपल्याच टाकीवर बाहेर आणायचे असते, आणि घाबरलेला माणूस दुप्पट हवा ओढतो, हे कागदावर मांडल्यावर तिसरा हिस्साही मला काठावरचा वाटू लागला.

सहाव्या दिवशी हरवलेल्या दोराचा सराव होता. माझ्या मास्कवर काळे आवरण चढवून प्रशिक्षकाने मला दोन-तीन गिरक्या दिल्या आणि दोरापासून थोड्या अंतरावर सोडून दिले. अशा वेळी आपल्याजवळच्या रीळाच्या दोरीचे टोक खडकाला बांधायचे, रीळ सोडत एका दिशेला हात फिरवत जायचे, दोर सापडला नाही तर गुंडाळत परत येऊन दुसरी दिशा धरायची. माझी पहिली गाठ सुटली. दुसरी टिकली, आणि बऱ्याच वेळाने बोटांना दोर लागला. मला इतके हायसे वाटले की मी तो मुठीत धरून थेट निघाले. दहा-बारा हात गेल्यावर प्रशिक्षकाने खांदा दाबून थांबवले आणि माझी बोटे दोरावरच्या प्लॅस्टिकच्या बाणावर नेऊन ठेवली. बाणाचे टोक माझ्या पाठीकडे होते. बाण बाहेरची वाट दाखवतात. तो चाचपल्याशिवाय मी गुहेत आणखी आत निघाले होते.

वर आल्यावर ते ओरडले नाहीत. माझ्याच वहीत त्यांनी वेळ, काटा आणि दिशा लिहिली आणि पूर्ण गुहेचे कार्ड या खेपेला मिळणार नाही, फक्त सुरुवातीच्या पातळीचे मिळेल, असे शांतपणे सांगितले. फी परत मिळणार नव्हती. मला राग आला, हे कबूल करते; उरलेल्या सगळ्या कसरती, सोबत्याला हवा देत अंधारात दोरावरून बाहेर येणेसुद्धा, मी नीट केल्या होत्या. परतीच्या पाच तासांत मात्र कार्डाविषयीची माझी शंका बरीचशी विरली. व्यवस्थेतला दोष आहे तसाच आहे: परीक्षकाचे पोट विद्यार्थ्याच्या फीवर चालते आणि सैल हाताचा परीक्षक गाठायचा म्हटले तर तोही सापडेल. परंतु नाही म्हणणारा प्रशिक्षक भेटला तर तेच कार्ड खरे असते. म्हणून आता कोणी मला विचारले तर मी संस्थेचे नाव सांगत नाही. त्या प्रशिक्षकाने गेल्या वर्षी किती जणांना कार्ड नाकारले, हे त्यालाच विचारा, असे सांगते.

पाच महिने मी घराजवळच्या तलावात डोळे मिटून रीळ सोडण्याचा आणि गुंडाळण्याचा सराव केला आणि पुन्हा गेले. या वेळी दोर सापडल्यावर मी तिथेच थांबले, तो हलकेच धरून एका बाजूला सरकले, बाण लागला, त्याच्या दोन्ही कडा अंगठ्याने तपासल्या आणि मग वळले. कार्ड मिळाले. त्यानंतर प्रकल्पाच्या गडबडीत आठ महिने मी गुहेत उतरलेली नाही. पुढच्या महिन्यात जाणार आहे, पण पहिला दिवस त्याच प्रशिक्षकांसोबत ठरवला आहे आणि त्या दिवशी हिशेब सहाव्या हिश्श्याचाच राहील.