चिपळूणच्या चिखलातला बावीस नंबर

पुराचं पाणी एसीतल्या गॅसला काही करत नाही. पाणी पीसीबी, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट घालवतं, पंख्याची मोटर घालवतं, कॉम्प्रेसरचे टर्मिनल गंजवतं. पण तांब्याच्या नळ्यांचे सांधे ब्रेझिंगने, म्हणजे तापवून घातलेल्या धातूच्या डाकाने, नाहीतर घट्ट नटांनी बंद असतात आणि आत गॅस दाबाखाली असतो, त्यामुळे बाहेरच्या पाण्याला आत शिरायला वाटच नसते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत भरलं आणि उतरलं, तेव्हा बाहेर काढलेला जवळजवळ प्रत्येक फ्रिज, फ्रीझर, एसी भंगार झाला होता. आतला गॅस मात्र जसाच्या तसा होता.

मी गुहागरचा. फ्रिज-एसी दुरुस्ती हा धंदा. समुद्रकाठच्या मेकॅनिकला कामाचा तोटा नाही. खारी हवा आउटडोअरची, म्हणजे एसीच्या बाहेरच्या डब्याची कॉइल खाते. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आधी पांढऱ्या पडतात, मग बोट लावलं की भुगा होतो, आणि शेवटी तांब्याला दिसणारही नाही एवढं छिद्र पडतं. गिऱ्हाईक फोन करतं, "गॅस संपलाय, भरून जा." गॅस काही पेट्रोल नव्हे की मशीन चाललं म्हणून जळून गेला. तोच गॅस आतल्या आत फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. पण लीक शोधायला अर्धा दिवस जातो आणि भरायला अर्धा तास, म्हणून दर उन्हाळ्याला भरत राहायचं अशी आपल्याकडची रीत.

पाणी ओसरल्यावर मला अण्णांचा फोन आला. त्यांचं चिपळूणला बाजारात हॉटेल आणि गुहागरला लॉज. "अरे, फ्रीझरातली सुरमई सडून गेली. वासाने माणूस उभा राहवत नाही. येऊन काय ते सोडवून दे, म्हणजे भंगारात तरी घालतो." शृंगारतळी, मार्गताम्हाने करत पोचलो. जाताना जनरेटर घेतला, गॅसचा दाब मोजायचं गेज घेतलं, आणि यंत्रातला गॅस ओढून सिलिंडरात भरणारं, सहसा दुकानातच पडून असणारं रिकव्हरी मशीन घेतलं. अण्णांचे एसी जुने, बावीस नंबरचे, म्हणजे आर-22 गॅसवर चालणारे, हे मला माहीत होतं. लॉजवरही तशीच मशिनं आहेत आणि बावीस नंबर दिवसेंदिवस महाग होतोय, हेही माहीत होतं. परोपकार वगैरे नंतरची गोष्ट.

चिपळूणचं त्या दिवसांतलं वर्णन मी करत बसत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना नको, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना चिखलाचा वास शब्दांत कळणार नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संसार आणि दुकानं ढीग करून टाकलेली. त्या ढिगांत पांढऱ्या रंगाची वस्तू दिसली की फ्रिज समजायचं. आणि प्रत्येक ढिगापाशी भंगारवाल्यांचा टेम्पो.

अण्णांच्या हॉटेलामागे दोन पोरं आधीच कामाला लागली होती. एक जण शेजारच्या दुकानाच्या आउटडोअरचा पितळी वाल्व्ह टॉर्चने तापवून सोडवत होता, कारण पितळेचा भाव वेगळा, तांब्याचा वेगळा. दुसऱ्याने हातभर अंतरावर दुसऱ्या आउटडोअरची नळी पकडीने कापली. मोठ्ठा फुस्स आवाज झाला आणि पांढरी वाफ थेट टॉर्चकडे गेली.

टॉर्चची निळी ज्योत हिरवी झाली. चांगली पोपटी हिरवी.

पहिला पोरगा हसला, "बघ रे बघ, दिवाळी!" पुढच्याच क्षणी दोघं खोकत बाजूला झाले. डोळ्यांतून पाणी, घशात आग. मी ओरडून टॉर्च बंद करायला लावला आणि दोघांना वाऱ्याच्या बाजूला नेऊन बसवलं. गॅस ज्योतीत जळला की त्यातून हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाची वाफ निघते, थोडा फॉस्जीनही होतो. फॉस्जीन हा पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला विषारी वायू. उघड्यावर होते म्हणून खोकल्यावर निभावलं. बंद खोलीत असते तर मला हे असं लिहिता आलं नसतं.

ती हिरवी ज्योत मी बऱ्याच वर्षांनी पाहिली. ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्या उस्तादांकडे हॅलाइड लॅम्प होता. छोटी ज्योत, तिच्यावर तांब्याची चकती, खाली हवा ओढणारी रबरी नळी. नळीचं टोक सांध्यासांध्यावरून फिरवायचं. जिथे गॅस गळतोय तिथे ज्योत हिरवी होते. क्लोरीन आणि तापलेलं तांबं यांचा तो रंग. आता इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर आले, आणि नव्या एसीतल्या चारशे दहासारख्या (आर-410ए) गॅसमध्ये क्लोरीनच नाही, त्यामुळे त्याला ती ज्योत ओळखतही नाही.

पोरांचा मालक टेम्पोतून उतरून आला. त्याला वाटलं, मी त्याच्या मालावर हक्क सांगायला आलोय. म्हटलं, "दादा, तांबं तुझं, पितळ तुझं, कॉम्प्रेसर तुझा. मला फक्त आतली हवा पाहिजे."

"हवेचं काय करणार तू?"

"विकणार नाही. याच शेटच्या दुसऱ्या मशिनात घालणार. आणि तुझ्या पोरांना खोकला होणार नाही."

त्याला ते पटलं की मी वेडा आहे असं वाटलं, ठाऊक नाही. पण अण्णांचा माल तो नंतर उचलायला तयार झाला.

मशीन चालू असतं तर काम सोपं होतं. एसी चालवून सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घ्यायचा आणि वाल्व्ह बंद करायचे, त्याला आम्ही पंप डाउन म्हणतो. इथे कॉम्प्रेसरच बुडालेला. म्हणून जनरेटर लावून रिकव्हरी मशीन जोडलं, मध्ये फिल्टर टाकला, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. सिलिंडर 80 टक्क्यांच्या वर भरायचा नाही. उन्हात द्रव फुगला तर सिलिंडर फुटतो. दीड टनी एसीत साधारण किलोभर गॅस. काटा सावकाश चढतो. जनरेटरच्या आवाजात आणि त्या वासात नुसतं बघत बसायचं.

अण्णा प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन बाजूला बसले होते. ज्या माणसाचं हॉटेल गेलं तो काय बोलणार? पण त्यांनीच विषय काढला. "ते ओझोनचं भोक म्हणतात, ते ह्यानेच का? आपल्यावर आहे का रे ते?"

मी म्हटलं, आपल्यावर नाही. उन्हाने कातडी भाजली की लोक ओझोनचं नाव घेतात, पण विषुववृत्ताच्या जवळपास ओझोन फारसा घटलेला नाही. आपलं ऊन पहिल्यापासूनच कडक. भोक पडतं अंटार्क्टिकावर, तिकडच्या वसंतात, म्हणजे आपल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तिथे हिवाळ्यात फार उंचावर अतिथंड ढग बनतात. त्या ढगांच्या कणांवर क्लोरीन मोकळा व्हायच्या तयारीत येतो आणि ऊन परतलं की ओझोन फोडायला लागतो. क्लोरीनचा एक अणू लाखभर ओझोन रेणू संपवू शकतो, कारण तो स्वतः संपत नाही, पुन्हापुन्हा सुटतो.

"पण सोडला इथे, चिपळुणात."

हाच प्रश्न मलाही प्रशिक्षणात पडला होता. हे गॅस खाली कशातच विरघळत नाहीत, पावसाने धुपत नाहीत, म्हणून जगभर पसरत वर चढतात. वर अतिनील किरणांनी ते फुटतात आणि क्लोरीन सुटतो. जुन्या फ्रिजातला आर-12 हवेत 100 वर्षांच्या आसपास टिकतो. बावीस नंबर साधारण 12 वर्षं टिकतो, कारण त्यातला बराचसा खालच्या हवेतच तुटून जातो. म्हणून ओझोनला त्याची इजा आर-12 च्या विसाव्या हिश्श्याइतकी. पण बावीस नंबरचा एक किलो पृथ्वी तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ 1,800 किलोइतका. हे दोन वेगळे रोग आहेत, लोक त्यांची सरमिसळ करतात. पण औषध बऱ्याचदा एकच, नळीतून बाहेर सोडू नका.

अण्णांना एक गंमत सांगितली. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो. थोडा गळला तरी नाकडोळे झोंबतात, माणसं पळतात. असल्याच घातक वायूंना पर्याय म्हणून सीएफसी, म्हणजे आर-12 सारखे क्लोरीनवाले गॅस, काढले गेले. वास नाही, पेट घेत नाहीत, विषारी नाहीत. शोधणाऱ्यांना वाटलं, सर्वांत सुरक्षित वस्तू सापडली. 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सांगितलं की ही वस्तू वर जाऊन फुटते आणि ओझोन खाते. 1985 ला ब्रिटिशांच्या हॅली तळावरच्या नोंदींतून अंटार्क्टिकावरचं भोक उघडकीला आलं, आणि 1987 ला असले गॅस आवरायला देशादेशांत माँट्रियल करार झाला. अमोनिया ओझोनला काही करत नाही, अजूनही बंदराबंदरांवर बर्फ करतोय.

"मग करार झाला तर आता काय राहिलं?"

राहिलं ते समोरच होतं. करार कारखान्यांना बांधतो. सीएफसी बनवणं थांबलं, बावीस नंबर 2030 पर्यंत आपल्याकडे बंद व्हायचाय, दुरुस्तीपुरता थोडा 2040 पर्यंत. हे खरंच झालं आणि त्याचा उपयोगही झाला. शास्त्रज्ञांचा हिशेब आहे की अंटार्क्टिकावरचा थर 2066 च्या सुमारास 1980 च्या पातळीला येईल. पण जो गॅस आधीच बनून लोकांच्या घरात भिंतीला टांगलाय, त्याची चावी कारखान्याकडे नाही. ती माझ्यासारख्या मेकॅनिककडे आणि त्या पकडीवाल्या पोराकडे. पुराच्या पंचनाम्यात फ्रिज लिहिला जातो, फ्रिजमधला गॅस कोण लिहिणार?

दुपारनंतर अण्णांचा एक अगदी जुना डीप फ्रीझर निघाला, आर-12 चा. पाटी चिखलाने भरलेली, पुसून वाचली. त्याला वेगळा सिलिंडर. गॅस एकमेकांत मिसळले की ते मिश्रण कुठल्याच मशिनात चालत नाही. नवे घरगुती फ्रिज होते ते आर-600ए चे. हा गॅस ओझोनला निरुपद्रवी, पण स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. असतो मूठभर, तरी टॉर्च जवळ असेल तर भडका. पोरांना बोलावून पाटीवरचा आकडा दाखवला: 600 दिसलं तर आग लांब, नळी उघड्यावर कापायची आणि बाजूला व्हायचं. मोठ्या पोराने आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला. मला ते फार आवडलं. सरकारी पत्रक त्याच्यापर्यंत कधी पोचलं नसतं.

जे जमलं नाही तेही लिहितो. फ्रिजच्या भिंतीतला पिवळा फोम पोरं पत्रा सोडवताना फाडत होती. जुन्या फ्रिजांचा फोम आर-11 या सीएफसीने फुगवलेला, आणि त्यात अडकलेला गॅस नळीतल्या गॅसहून जास्त असतो. त्याला बंदिस्त यंत्रातच चिरडून गॅस ओढावा लागतो. माझ्याकडच्या मशिनाचं ते काम नव्हे. समोर फाडला गेला, वाऱ्यावर गेला. आणि बाजारातल्या बाकीच्या ढिगांचं काय झालं हे सांगायला नकोच.

अंधार पडायच्या आत निघालो. भंगारवाल्याने नंबर घेतला. म्हणाला, "एसीचा माल आला तर फोन करतो, पण माझा वेळ जातो त्याचे पैसे लागतील." म्हटलं, देईन. किलोमागे दर ठरवला. बाजारभावापेक्षा कमी, पण त्याला फुकट जाणाऱ्या वस्तूचे मिळत होते. त्यानंतर त्याचे अधूनमधून फोन आले. कधी गॅस मिळाला, कधी पोचेपर्यंत नळ्या कापलेल्या.

बावीस नंबर अण्णांच्या गुहागरच्या लॉजवर वापरला. आधी सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावून लीक काढले, दोन कॉइल बदलायला लावल्या, व्हॅक्यूम करून नळ्यांतली हवा काढली, मग गॅस वजन करून भरला. अण्णा म्हणाले, "गॅस तर माझाच होता, मग बिल कसलं?" मजुरीचं, म्हटलं. अर्धी त्यांनी तिथल्या तिथे दिली. अर्धी गणपतीनंतर देतो म्हणाले. हॉटेल उभं करायचं होतं त्यांना, मीही ताणलं नाही.