चार सेकंदांची नक्षी

सोलापुरी चादरीतले चौकोन आणि शंकरपाळे घेऊन न संपणारं ॲनिमेशन करायचं ठरलं, ते मामांच्या दोस्ताच्या दुकानासाठी. सोलापूरच्या पूर्व भागात चादरी-टॉवेलचं दुकान, भिंतीला टीव्ही. त्यावर दिवसभर काहीतरी हलत राहावं आणि ते कुठं सुरू होतं, कुठं संपतं हे गिऱ्हाइकाला कळू नये, एवढीच शेठची अट. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि सपाट आकारांना माझा जुना लॅपटॉप पुरतो, म्हणून हो म्हटलं.

आधी आकडे ठरवले. जीआयएफ ही हलत्या चित्राची फाइलही काढायची होती आणि तिच्यात प्रत्येक फ्रेमचा, म्हणजे एकेका चित्राचा, वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. त्यात सेकंदाला २४ फ्रेम नीट बसत नाहीत, २५ बसतात. म्हणून २५ चा वेग, १०० फ्रेम, चार सेकंद. एक कीफ्रेम, म्हणजे आकाराची स्थिती पक्की करणारी खूण, पहिल्या फ्रेमला, दुसरी १०१ व्या फ्रेमला, पण रेंडर, म्हणजे शेवटची चित्रं काढणं, १ ते १००. १०१ वी म्हणजे पुन्हा पहिलीच. तीही घेतली तर एकच चित्र लागोपाठ दोनदा येतं आणि दर फेरीला बारीकशी अडखळ दिसते. मामांनी आयुष्यभर जॅकार्ड मागाची नक्षीची कार्डं पंच केलीत, त्यांना हे समजावावं लागलं नाही. “रिपीटची पहिली ओळ शेवटी परत मारली तर नक्षी तिथं जाड दिसती की,” एवढं बोलून ते चहाला गेले.

आकार अख्खा फिरवायची गरज नसते, हे या कामातलं खरं सुख. चौकोन ९० अंशांत पुन्हा तसाच दिसतो, लांबट शंकरपाळा १८० अंशांत. तेवढंच फिरवलं की चाल संथ राहते आणि जोड कुठंच सापडत नाही. फक्त ब्लेंडर दोन कीफ्रेममधली हालचाल आपणहून हळू सुरू करतं आणि हळू थांबवतं. पडद्यावर पाहून मामा म्हणाले, “मधी थांबायलंय बघ ते, दम घ्यायलंय.” कीफ्रेम निवडून टी दाबलं, लिनियर केलं, दम घेणं बंद.

सगळे आकार एकदम फिरले तर कवायत वाटते. म्हणून जॉमेट्री नोड्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या ठोकळे जोडून आकार मांडायच्या सोयीत, ग्रिडच्या प्रत्येक बिंदूवर एक शंकरपाळा बसवला आणि त्याचा लहान-मोठेपणा साइनवर सोडला. सीन टाइम या ठोकळ्यातून फ्रेमचा आकडा घ्यायचा, त्याला १०० नं भागून दोन पायनं (२π, म्हणजे एक पूर्ण फेरी) गुणायचं आणि त्यातून मधल्या बिंदूपासूनचं अंतर वजा करायचं. मधून उठलेली लाट काठापर्यंत जाते. गंमत अशी की कोणता आकार किती उशिरा उठतो यानं लूपला, म्हणजे न संपणाऱ्या फेरीला, काहीच फरक पडत नाही. १०० फ्रेममध्ये ज्याची त्याची फेरी पुरी होतेच. नॉइज, म्हणजे आपोआप बनणारा वेडावाकडा चढउतार, वापरायची हौस असेल तर मात्र तो सरळ पुढं सरकवून चालत नाही, परत येत नाही तो. चार मितींचा नॉइज घ्यायचा आणि चित्राच्या दोन सोडून उरलेल्या दोन मितींत वर्तुळावर फिरवायचा. मी तो शेवटी काढून टाकला, चादरीला शोभेना.

रेंडर रात्री लावलं. एप्रिलमधल्या सोलापुरात दुपारी लॅपटॉपवर हात ठेववत नाही. थेट व्हिडिओ न काढता पीएनजी फ्रेम काढल्या, कारण लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. ब्लेंडरमधली ओव्हरराइटची (आहे त्या फाइलवर पुन्हा लिहायची) खूण काढून ठेवली की झालेल्या फ्रेम सोडून काम पुढं सुरू होतं. लाइट गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल तेवढी अर्धवट असू शकते, ती आधी पुसायची.

जीआयएफला एका फ्रेममध्ये २५६ च रंग चालतात. आपले मरून, पिवळा, हिरवा, काळा सपाट, त्यामुळं निभावलं. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधल्या, रंगांचा संच निवडणाऱ्या पॅलेटजेननं कडाही स्वच्छ आल्या. बारीक छटांची चित्रं असती तर पट्टे दिसले असते.

टीव्हीला एमपी४ ही व्हिडिओ फाइल दिली तर दर चार सेकंदांनी पडदा क्षणभर काळा व्हायला लागला. तो टीव्ही फाइल संपली की दम खाऊन परत सुरू करतो, त्याला इलाज नाही. मग एफएफएमपेगच्या स्ट्रीम लूप या सोयीनं तीच फाइल ९०० वेळा जोडून एक तासाची केली. आता पडदा तासातून एकदाच काळा होतो. शेठचं त्यावर काही म्हणणं नाही, त्यांना मरूनऐवजी रामा रंग हवाय.