बॅकस्टेजचं बॅकएंड प्लगिन: सर्टिफिकेट संपतंय, पण ते आहे कुणाचं?

बॅकस्टेज हे इंटर्नल डेव्हलपर पोर्टल, म्हणजे कंपनीतल्या सगळ्या सर्व्हिसेसची माहिती डेव्हलपरना एका जागी दाखवणारी वेबसाइट, बनवायचं फ्रेमवर्क आहे. असं पोर्टल उभं करायचं म्हटलं की बहुतेक टीम आधी फ्रंटएंडच्या मागे लागतात, छान छान कार्ड, रंगीत ग्राफ, आणि डेटा कुठून आणायचा तर प्रॉक्सी लावून द्या एखाद्या एपीआयला, झालं काम. मला हे पटत नाही. पोर्टलची खरी ताकद बॅकएंड प्लगिनमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जोड-कोडमध्ये आहे, कारण कुठली सर्व्हिस कुठल्या टीमची हे कॅटलॉगमध्ये, म्हणजे पोर्टलच्या सर्व्हिस-यादीत, एका जागी लिहिलेलं असतं, आणि त्या माहितीला बाहेरची दुसरी माहिती जोडून साठवून ठेवायची तर ते काम ब्राउझरमध्ये होत नाही, सर्व्हरवरच करावं लागतं.

टीएलएस सर्टिफिकेटचंच घ्या, म्हणजे साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारं, ठरावीक मुदतीचं डिजिटल प्रमाणपत्र. मॉनिटरिंग टूल बरोब्बर सांगतं की अमुक होस्टचं (सर्व्हरचं) सर्टिफिकेट पुढच्या आठवड्यात संपतंय, पण तो होस्ट कुणाचा? मग चॅटवर विचारपूस सुरू, हा म्हणतो त्याला विचार, तो म्हणतो ती टीम आता राहिलीच नाही. आणि हे आता वाढत जाणार आहे, कारण सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलंय की पब्लिक सर्टिफिकेटची जास्तीत जास्त मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्याने खाली आणायची, १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून फक्त ४७. म्हणजे रिन्यूअल ऑटोमॅटिक करावंच लागणार, पण ते ऑटोमेशन कुठेतरी गुपचूप बंद पडलं तर कळवायचं कुणाला हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून मी बॅकस्टेजमध्ये यासाठी प्लगिन लिहिलं.

सुरुवात करण्याआधी एक सांगतो, बॅकस्टेज स्पॉटिफायने मार्च २०२० मध्ये ओपन सोर्स केलं आणि तेव्हापासून त्याची बॅकएंड सिस्टिम पूर्ण बदलली आहे. नेटवर अजून जुने लेख सापडतात, ज्यात प्रत्येक प्लगिनसाठी बॅकएंड पॅकेजमध्ये वेगळी फाइल लिहून राउटर हाताने जोडायला सांगतात, ते सरळ सोडून द्या. आता प्रोजेक्टच्या रूटमध्ये यार्न न्यू ही कमांड चालवायची, बॅकएंड प्लगिन निवडायचं, आयडी द्यायचा, सगळा सांगाडा तयार मिळतो. बॅकएंडच्या इंडेक्स फाइलमध्ये बॅकएंड डॉट ॲडची एक ओळ असते, आणि ७००७ पोर्टवर एपीआयच्या पुढे तुमचा प्लगिन आयडी लावला की तुमचे राउट्स, म्हणजे प्लगिनचे यूआरएल, तिथे.

या नव्या रचनेतलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे प्लगिनला जे जे लागतं ते वरच मागून घ्यायचं, लॉगर, डेटाबेस, शेड्युलर, एचटीटीपी राउटर, ऑथ, जे मागितलं तेवढंच इनिट फंक्शनमध्ये हातात येतं. दुसऱ्याचं प्लगिन रिव्ह्यू करताना ही यादी वाचली तरी अर्धं कळतं की हे काय काय करणार आहे. डेटाबेसही प्रत्येक प्लगिनचा स्वतंत्र, पोस्टग्रेसवर नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रत्येकाला वेगळा डेटाबेस मिळतो, त्यामुळे कॅटलॉगच्या टेबलवर थेट जॉइन मारायचा मोह झाला तरी मारता येत नाही, आणि ते चांगलंच आहे, कॅटलॉगचं आतलं स्कीमा उद्या बदललं तरी आपलं काही मोडत नाही.

मग कॅटलॉगमधून माहिती घ्यायची कशी? कंपोनंटच्या (कॅटलॉगमधल्या एका सर्व्हिसच्या) यामल फाइलमध्ये एक ॲनोटेशन, म्हणजे जादा माहितीची ओळ, ठरवलं, त्यात होस्टचं नाव. प्लगिन कॅटलॉग सर्व्हिसला विचारतं की हे ॲनोटेशन असलेल्या सगळ्या एंटिटी (कॅटलॉगमधल्या नोंदी) दे, आणि सोबत ओनर येतोच. इथे ओळख दोन प्रकारची असते हे नीट समजून घ्यायला हवं. शेड्युल केलेलं काम चालतं तेव्हा समोर कुणी युजर नसतो, तेव्हा प्लगिन स्वतःच्या सर्व्हिस क्रेडेन्शियलने कॅटलॉगला विचारतं. पण एखाद्याने ब्राउझरमधून पान उघडलं तर रिक्वेस्टमधून त्या युजरचे क्रेडेन्शियल काढून तेच पुढे द्यायचे, नाहीतर परमिशन लावलेल्या पोर्टलमध्ये ज्याला जी एंटिटी दिसायला नको ती तुमच्या प्लगिनच्या मागच्या दाराने दिसते. सोपं पडतं म्हणून सगळीकडे सर्व्हिस क्रेडेन्शियल वापरलेला कोड मी रिव्ह्यूमध्ये कधीच पास करत नाही.

राउट्सवर डीफॉल्टनेच लॉगिन लागतं, टोकन नसेल तर सरळ ४०१. हेल्थ चेकसारखा एखादाच पाथ उघडा ठेवायचा असेल तर त्या पाथपुरती ऑथ पॉलिसी लिहायची, अख्खं प्लगिन उघडं करू नये.

आता प्रत्यक्ष तपासणी. नोडच्या टीएलएस मॉड्यूलने होस्टला कनेक्ट व्हायचं आणि समोरच्याचं सर्टिफिकेट वाचायचं, वीसेक ओळींचं काम आहे, पण त्यात दोन गोष्टी नीट बसवाव्या लागतात. एक म्हणजे सर्व्हरनेम द्यायचं, कारण एकाच आयपीवर अनेक डोमेन असतात आणि नाव दिलं नाही तर सर्व्हर भलतंच सर्टिफिकेट पुढे करू शकतो. दुसरं म्हणजे रिजेक्ट अनऑथराइज्ड हे सेटिंग इथे बंद ठेवायचं. एरवी हे बंद करणं म्हणजे पापच, पण चालू ठेवलं तर मुदत संपलेल्या सर्टिफिकेटवर कनेक्शनच तुटतं आणि नेमकी जी तारीख आपल्याला नोंदवायची ती हातात येत नाही. आपण त्या कनेक्शनवरून काहीच पाठवत नाही, फक्त तारीख आणि ऑथरायझेशन एरर वाचून सॉकेट बंद करतो, त्यामुळे इथे ते योग्य आहे, मात्र कोडमध्ये त्या ओळीच्या वर कारण लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस तीच ओळ उचलून दुसरीकडे चिकटवेल. टाइमआउटही हवाच, एखादा होस्ट फायरवॉलमागे असला तर कनेक्शन लटकून राहतं.

हे सगळं शेड्युलरच्या हवाली करायचं, ठरावीक वेळाने काम चालवणारं जावास्क्रिप्टचं सेटइंटरव्हल अजिबात नको. प्रॉडक्शनमध्ये बॅकएंडचे तीन पॉड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तीन प्रती, असतील तर सेटइंटरव्हलने तीच तपासणी तीनदा होते, बॅकस्टेजचा शेड्युलर मात्र डेटाबेसमध्ये लॉक धरतो आणि एका वेळी एकाच पॉडवर काम चालतं. निकाल आपल्या टेबलात, आणि पान उघडल्यावर फक्त टेबल वाचायचं, युजर वाट बघत असताना कुठल्याही होस्टला हात लावायचा नाही. टेबलांसाठी नेक्स या डेटाबेस लायब्ररीच्या मायग्रेशन फाइल्स (टेबल बनवणाऱ्या-बदलणाऱ्या) लिहायच्या आणि पॅकेज जेसनच्या फाइल्स यादीत मायग्रेशन फोल्डर टाकायचाच, कारण तो तिथे नसेल तर लोकलला सगळं मस्त चालतं आणि बिल्ड केलेल्या इमेजमध्ये फोल्डरच गायब.

फ्रंटएंडला फार काही लागलं नाही, एंटिटीच्या पानावर एक कार्ड, होस्ट, किती दिवस राहिले, शेवटचं कधी तपासलं. जास्त उपयोग नोटिफिकेशनचा झाला. बॅकस्टेजच्या नोटिफिकेशन सर्व्हिसला मिळणारा म्हणून ग्रुपची एंटिटी देता येते, म्हणजे ओनर टीमचं नाव दिलं की त्या टीममधल्या सगळ्यांना निरोप जातो, माणसांची यादी आपण सांभाळायची गरजच नाही.

सध्या होस्टला सरळ टीएलएसने जोडलं जातं, पोर्ट ॲनोटेशनमध्येच लिहिता येतो. मेल सर्व्हरसारखे जे आधी एन्क्रिप्शनशिवाय बोलून मग स्टार्टटीएलएसने टीएलएसवर जातात ते यात अजून बसत नाहीत, त्यांच्यासाठी तपासणीचा भाग एक्स्टेंशन पॉइंट म्हणून बाहेर काढतोय, म्हणजे इन्फ्रावाल्यांना माझ्या कोडला हात न लावता त्यांचं मॉड्यूल लिहून जोडता येईल.