आयसीयूकडे वळण्याआधी

नर्सिंग संपत आलं तसा एकच प्रश्न कानावर पडू लागला: "पुढे कशात करणार?" बरोबरीच्या काहीजणींचं ऑपरेशन थिएटर किंवा नवजात शिशू विभाग आधीच ठरलं होतं. मला सगळंच आवडायचं, आणि अडचण तीच होती.

सल्ले दोन टोकांचे. एक सीनियर म्हणायची, "लवकर शिरून घे, नाहीतर वॉर्डातच राहशील." इन्चार्ज सिस्टर म्हणायच्या, "आधी हात बसू दे." किती दिवसांत बसतो, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

थोडा आधार मिळाला अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांच्या मांडणीचा. १९८४ मध्ये त्यांनी नवशिकी ते तज्ज्ञ अशा नर्सच्या पाच पायऱ्या सांगितल्या. तिसरी, काम आवाक्यात येण्याची पायरी, एकाच प्रकारचं काम साधारण दोन-तीन वर्षं केल्यावर येते. मला वर्षांपेक्षा त्यांनी सांगितलेली खूण उपयोगाची वाटली: नवशिकी नियमाला धरून चालते, तिसऱ्या पायरीवरची आधी काय आणि नंतर काय हे स्वतः ठरवते. सुरुवातीला औषधांच्या वेळा सांभाळण्यातच माझं डोकं संपायचं. पुढे ड्युटी बदलताना आधीची नर्स पेशंटची माहिती देते तो हँडओव्हर ऐकता ऐकताच आधी कुणाकडे जायचं ते ठरू लागलं. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायची सवयही जनरल वॉर्डनेच लावली. मोठ्या माणसाचा नेहमीचा वेग मिनिटाला १२ ते २०. तो २६-२८ झाला की बीपी ठीक असला तरी मी डॉक्टरांना बोलवायची. पेशंट बिघडताना बऱ्याचदा श्वास आधी बदलतो, बीपी मागाहून पडतो. आयसीयूत मॉनिटर सतत सांगत असतो, वॉर्डात आपल्यालाच शोधावं लागतं. ते शिकल्याशिवाय निघायचं नाही, एवढं पक्कं केलं.

मग कल तपासला. वॉर्डातून आयसीयूत हलवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं, हे विचारायला मी ड्युटी संपल्यावर जायची. बरे होऊन घरी गेलेल्यांबद्दल तेवढी ओढ नसायची. ऐकायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

परवानगी काढून तिथे काही ड्युट्या सोबतीने केल्या. तिथल्या सिस्टरना विचारलं, "सगळ्यात कंटाळवाणा दिवस कसा असतो?" दर दोन तासांनी कूस बदलणं, सक्शन म्हणजे नळीने कफ ओढून काढणं, तोंडाची स्वच्छता, तासातासाच्या नोंदी, नातेवाइकांना तेच ते पुन्हा सांगणं. यातलं काहीच नकोसं वाटलं नाही. थिएटरमधल्या तशाच दिवसाला मात्र मी दुपारपर्यंत वैतागले.

बदली झाली आणि मी पुन्हा पहिल्या पायरीवर. नवा विभाग म्हटला की अनुभवी नर्सचंही असं होतं, हे बेनर यांनीही सांगितलंय, तरी चिडचिड व्हायचीच. व्हेंटिलेटरचा टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाला दिली जाणारी हवा, प्रत्यक्ष वजनावर धरत नाहीत, उंची आणि लिंगावरून काढलेल्या वजनावर धरतात, हे तिथे कळलं. "माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत," एवढ्या एका वाक्यात तिथल्या सिस्टरनी ते डोक्यात बसवलं.

क्रिटिकल केअरच्या कोर्सचा अर्ज आता कुठे भरलाय. लहान मुलांच्या आयसीयूचं नंतर बघू. सध्या मोठ्यांचे एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंचे, रिपोर्ट वाचतानाच घाम फुटतो.