मात्रा आता तुटत नाहीत: दस्तऐवजांचा शोध, झुलिप आणि पुढची कामं

मंडळी, आपल्या मराठी प्रोग्रॅमिंग भाषेच्या दस्तऐवजांत देवनागरी शोध चालू झाला! खिडकीत ‘साचा’ टाकलं की ‘साच्यात’, ‘साच्याला’, ‘साच्यांची यादी’ असे सगळे परिच्छेद येतात. ‘अॅरे’ टाकलं तरी ‘ॲरे’ सापडतो. मागच्या नोंदीत दस्तऐवजांसाठी एमडीबुक (साध्या मजकुराच्या फाइलींपासून पुस्तकासारखी साइट बनवणारं साधन) ठरलं होतं आणि शोधाचं काम पुढे ढकललं होतं. मधला बहुतेक सगळा वेळ त्यातच गेला, त्यामुळे ही नोंदही मुख्यतः त्याचीच आहे.

आधी लक्षण. एमडीबुकच्या तयार शोधात रोमन शब्द व्यवस्थित सापडतात, देवनागरी शब्दाला निकाल शून्य. शोधाच्या अनुक्रमणिकेची (कुठला शब्द कुठे आहे याच्या यादीची) फाइल उघडून पाहिली तर त्यात देवनागरी शब्दच नसतात. एमडीबुक शोधासाठी इलास्टिकलुनर हे तयार साधन वापरतं. त्याच्या इंग्रजी पाइपलाइनमध्ये (शब्दावर एकामागून एक होणाऱ्या प्रक्रियांत) ‘ट्रिमर’ नावाची एक पायरी आहे. शब्दाच्या दोन्ही टोकांना चिकटलेले स्वल्पविराम, कंस वगैरे कापणं हे तिचं काम. पण अक्षर म्हणजे काय, तर तिच्या लेखी फक्त ए ते झेड, अंक आणि अंडरस्कोर. ‘फंक्शन’ आत गेला की डावीकडून कापत जाते, कुठेच थांबत नाही, आणि शेवटी रिकामा शब्द उरतो. रिकामे शब्द नंतर गाळले जातात. कुठे चूक दाखवली जात नाही, इशारा येत नाही, बिल्ड (साइटची बांधणी) हिरवं, म्हणजे यशस्वी, दिसतं. म्हणून हा दोष पटकन कळत नाही.

स्फिंक्सकडे (दस्तऐवज बनवणाऱ्या दुसऱ्या साधनाकडे) परत जावं का, हा प्रश्न गटात पुन्हा आला होता. स्फिंक्सचे परस्परदुवे आणि गेटटेक्स्ट या साधनसंचावर चालणारी भाषांतराची सोय एमडीबुकपेक्षा नक्कीच चांगली आहे. पायथनचे स्वतःचे दस्तऐवज २००८ पासून त्यावर आहेत. पण शोधाचं दुखणं तिथेही आहे, फक्त वेगळ्या जागी. स्फिंक्स शब्द वेगळे काढायला पायथनच्या रेगेक्समधला (मजकुरातले नमुने शोधायच्या भाषेतला) बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे ‘शब्दातलं अक्षर’ ही खूण, वापरतं. त्या वर्गात देवनागरी व्यंजनं आणि स्वर आहेत. मात्रा, अनुस्वार आणि हलंत नाहीत. म्हणून ‘फंक्शन’चे ‘फ’, ‘क’ आणि ‘शन’ असे तीन तुकडे होतात, ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’. शोधणाऱ्याच्या शब्दाचेही तसेच तुकडे होतात, त्यामुळे निकाल येतात, पण भलतेच. गंमत म्हणजे ‘मराठी’ हे व्हेरिएबलचं नाव पायथन बिनतक्रार स्वीकारतो, कारण नावांसाठी तो युनिकोडचा ओळख-नियम पाळतो आणि त्या नियमात मात्रा धरलेल्या आहेत. एकाच भाषेत शब्दाच्या दोन व्याख्या.

रस्ट या भाषेच्या रेगेक्स क्रेटमध्ये (लायब्ररीत) मात्र बॅकस्लॅश डब्ल्यूमध्ये चिन्हवर्गही (मात्रा, अनुस्वार, हलंत) येतो, तिथे ‘फंक्शन’ अखंड राहतो. आपला कंपायलर रस्टमध्येच आहे, मग अनुक्रमणिकाही रस्टमध्येच करायची ठरली. ब्राउझरच्या बाजूला जावास्क्रिप्टचा बॅकस्लॅश डब्ल्यू अजिबात वापरायचा नाही. यू झेंडा (युनिकोडचा पर्याय) लावून अक्षर, चिन्ह आणि अंक (एल, एम, एन) हे तीन युनिकोड वर्ग स्वतः लिहायचे, शिवाय अंडरस्कोर. दोन्हीकडे हीच व्याख्या ठेवली की मात्रा तुटत नाहीत.

पण शब्द अखंड राहिला म्हणजे जुळला असं नाही. मराठीत एकच शब्द डोळ्याला सारखा दिसतो आणि बाइटमध्ये वेगळा असतो. आम्हाला छळणाऱ्या दोन जागा:

‘ॲ’ तीन प्रकारे टंकला जातो. एक, युनिकोड ०९७२, हे खास मराठीसाठीचं अक्षर, २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये आलेलं. दोन, ‘अ’ला चंद्र जोडून. तीन, हिंदी कीबोर्डवरचा ‘ऍ’. एनएफसी (युनिकोडचं एक प्रमाणीकरण) केल्याने हे तिन्ही एक होत नाहीत, युनिकोड त्यांना समान मानतच नाही. त्यामुळे बदली हाताने लिहावी लागते: तिन्हींचं ०९७२ करायचं. ‘ॲरे’, ‘ॲप’, ‘ॲट्रिब्यूट’ हे शब्द आपल्या दस्तऐवजांत पानोपानी आहेत, त्यामुळे हा नियम सगळ्यात आधी लावावा.

दुसरी जागा ‘दुसऱ्या’मधला अर्धा र. तो ‘ऱ’ (०९३१) आणि हलंत असा लिहितात, किंवा साधा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असा. दोन्हींचं दृश्यरूप तेच. आधी दुसऱ्या प्रकाराचं पहिल्यात रूपांतर करायचं आणि मगच उरलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (न दिसणारं तोडचिन्ह) काढून टाकायचे. हा क्रम उलटा झाला तर ‘दुसर्या’ तयार होतो आणि जुळणी कायमची जाते. एनएफसी या सगळ्याच्या आधी.

आता खरा हट्टी भाग: सामान्यरूप. पहिली योजना प्रत्यय छाटायची होती. ‘मध्ये’, ‘साठी’, ‘पासून’, ‘पर्यंत’, ‘ला’, ‘ने’, ‘ना’, ‘चा’, ‘त’ वगैरेंची यादी, लांब प्रत्यय आधी. लांब प्रत्ययांवर ती छान चालते. लहानांवर कोसळते. ‘रचना’मधला ‘ना’ जातो आणि ‘रच’ उरतो, ‘नमुने’चा ‘नमु’ होतो, ‘गणित’चा ‘गणि’. आणि ‘साचा’मधला ‘चा’ छाटला की हाती ‘सा’! आपल्या भाषेतला सर्वांत महत्त्वाचा शब्दच नाहीसा. अपवादांची यादी करत गेलो तर ती मूळ यादीपेक्षा मोठी होते. शिवाय छाटणी अचूक झाली तरी ‘साच्यात’चा ‘साच्या’ उरतो, तो ‘साचा’शी जुळतच नाही.

मग दिशा उलटी केली. दस्तऐवजांत शोधले जाणारे शब्द कुठले, तर पारिभाषिक. ते मोजके आहेत आणि शब्दसूचीत आधीच लिहिलेले आहेत. म्हणून शब्दसूचीच्या फाइलला रकाने वाढवले: मूळ रूप, सामान्यरूप, अनेकवचन, रोमन रूप. ‘साचा’पुढे ‘साच्या’, ‘साचे’ आणि रोमनमधलं ‘स्ट्रक्ट’. ‘दुवा’पुढे ‘दुव्या’, ‘दुवे’. ‘यादी’पुढे ‘यादी’, ‘याद्या’. पानावरचा शब्द यापैकी एखाद्या रूपाने सुरू होत असेल आणि उरलेला भाग रिकामा किंवा प्रत्ययांच्या यादीतला असेल (मध्ये अनेकवचनाचा अनुस्वार चालतो), तर तो मूळ शब्दाखाली नोंदवायचा. प्रत्ययांची यादी वाया गेली नाही. आता ती कापत नाही, फक्त तपासते. त्यामुळे ‘चल’ शोधताना ‘चलाचा’ येतो आणि ‘चलन’ येत नाही. सूचीत नसलेल्या शब्दांना साधी सुरुवातीपासूनची जुळणी पुरते.

रोमन रकान्याचा फायदा अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. मोबाइलवर बरेच जण रोमनमध्येच शोधतात, आणि त्यांनाही आता मराठी परिच्छेद मिळतो. एमडीबुक सोडू नये याचं हे एकटंच कारण पुरेसं आहे, असं आमचं मत.

जोडणी करताना लक्षात ठेवायच्या गोष्टी. एमडीबुकचा प्रीप्रोसेसर (साइट बनण्याआधी मजकुरावर काम करणारा जोड-प्रोग्रॅम) स्टँडर्ड इनपुटवरून जेसन (माहितीची मजकूर-रचना) घेतो आणि स्टँडर्ड आउटपुटवर पुस्तक परत देतो. म्हणून तपासणीचे संदेश चुकूनही आउटपुटवर छापू नयेत, जेसन मोडतं. ते एरर-प्रवाहात टाकावेत. उपप्रकरणं प्रत्येक प्रकरणाच्या पोटात असतात, तिथे रिकर्शन (थरात थर उतरत जाणं) हवंच, नाहीतर अनुक्रमणिकेत फक्त वरचा थर येतो. आणि प्रीप्रोसेसर प्रत्येक रेंडररसाठी (अंतिम रूप तयार करणाऱ्या भागासाठी) वेगळा चालतो.

हे लिहितानाच सुचतंय की अनुक्रमणिकेला प्रीप्रोसेसर हवाच कशाला? तिला पुस्तकात काहीच बदलायचं नाही. स्वतंत्र रेंडरर केला तर पुस्तक परत द्यायची कटकट संपते. दोन खाचा आहेत: दुसरा आउटपुट जोडला की एचटीएमएलचा विभाग फाइलमध्ये स्पष्ट लिहावा लागतो, नाहीतर साइट तयारच होत नाही, आणि एकापेक्षा जास्त रेंडरर असले की एचटीएमएल एक फोल्डर आत जातं, म्हणजे प्रकाशनाच्या स्क्रिप्टमधला मार्ग बदलायला हवा. तरीही हेच करू. कोडच्या पुढच्या शाखेत प्रीप्रोसेसर फक्त उदाहरणं चालवून तपासण्यापुरता राहील.

निकालातला शब्द पिवळा करताना आणखी एक अडचण. ‘स’ टंकल्यावर ‘साचा’मधला फक्त ‘स’ टॅगमध्ये जातो आणि मात्रा बाहेर पडते. काही ब्राउझर तिला ठिपक्यांच्या वर्तुळावर बसवतात. उपाय सोपा आहे. जुळणीचा शेवट पुढे सरकवायचा, जोवर पुढचं चिन्ह चिन्हवर्गातलं आहे किंवा मागचं हलंत आहे तोवर. इंटल-सेगमेंटर (ब्राउझरमधली मजकूर तोडायची सोय) वापरून पाहायला हरकत नाही, पण जोडाक्षर न तोडण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरांत ‘क्ष’ मधोमध तुटतो. हाताने लिहिलेल्या चार ओळी जास्त भरवशाच्या.

मथळ्यांच्या अँकरचंही (मथळ्यापर्यंत नेणाऱ्या दुव्यातल्या नावाचंही) तेच. एमडीबुक अँकर बनवताना मात्रा ठेवतं आणि हलंत गाळतं, म्हणून ‘फंक्शन’चा ‘फंकशन’ होतो. दुवा चालतो, पण झुलिपवर (गटाच्या चॅटवर) चिकटवला की वाचवत नाही. प्रत्येक मथळ्यापुढे महिरपी कंसात हॅश देऊन रोमन ओळख लिहायची. पुढे मथळ्याची भाषा सुधारली तरी जुने दुवे टिकतात, हा वरचा लाभ.

कोडच्या रंगांसाठी हायलाइट-जेएसची आपली व्याख्या थीमच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. देवनागरी कीवर्ड रंगत नव्हते, कारण कीवर्ड शोधण्याचा मूळ पॅटर्नही बॅकस्लॅश डब्ल्यूच. आवृत्ती १० मध्ये तो डॉलर-पॅटर्न या नावाने बदलता येतो. शब्दसीमेचा बॅकस्लॅश बी तिथे वापरू नका, तोही रोमनपुरताच आहे. ‘जोपर्यंत’ निळा दिसला तेव्हा फार बरं वाटलं.

संवादाचं साधन: झुलिपच. इथे वाद फारसा उरला नाही. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या चॅट-सेवेचे स्वयंसेवक ताब्याच्या वादावरून बाहेर पडले आणि लिबेरा चॅट उभं राहिलं, ते सगळ्यांना माहीत आहे. २०२३ मध्ये गिटर ही चॅट-सेवा मॅट्रिक्स या खुल्या जाळ्यावर गेली. स्लॅकच्या मोफत योजनेत २०२२ पासून ९० दिवसांमागचं दिसत नाही. प्रोग्रॅमिंग भाषेच्या गटात दोन वर्षांपूर्वीचं उत्तर हेच भांडवल असतं. डिस्कॉर्डवर लोक लवकर जमतात हे खरं, पण तिथलं उत्तर बाहेरून शोधता येत नाही, त्यामुळे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. झुलिपमध्ये चॅनेलातले संदेश विषयवार असतात आणि चुकीच्या जागी पडलेला संदेश नंतर हलवता येतो. लीन या भाषेचा गट याच रचनेवर वाढला. त्यांनीच झुलिपचं स्थिर एचटीएमएल संग्रहात रूपांतर करणारं साधन खुलं केलं आहे, तेच आपण लावतो आहोत. त्यासाठी बॉटची (आपोआप चालणाऱ्या खात्याची) किल्ली लागते. तिला फक्त सार्वजनिक चॅनेलं दाखवा.

स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं तर झुलिपला किमान २ जीबी रॅम लागते. मुक्तस्रोत प्रकल्पांना ते मोफत जागा देतात, तूर्त तीच घेऊ. मात्र झुलिपचा मूळ शोध इंग्रजी कोशावर चालतो. मराठीसाठी पीग्रूंगा हा बहुभाषिक शोधाचा पर्याय स्वतःच्या सर्व्हरवर लावता येतो. त्यामुळे संग्रहाच्या पानांवर आपलीच अनुक्रमणिका चालवून पाहायची आहे. सर्व्हर सांभाळण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

लिंकिफायर (संदेशातल्या ठरावीक मजकुराला आपोआप दुवा देणारी झुलिपची सोय) लावताना सावध राहा. त्याचे पॅटर्न आरई२ या रेगेक्स-प्रकाराचे, तिथे बॅकस्लॅश डी म्हणजे फक्त इंग्रजी अंक. ‘प्रस्ताव-१२’ला दुवा लागत नाही. अंकांची देवनागरी कक्षा लिहून पॅटर्न जुळवता येतो, पण मग दुव्यातही देवनागरी अंक जातात आणि फाइल सापडत नाही. म्हणून प्रस्तावांचे क्रमांक इंग्रजी अंकांत लिहायचे, ‘प्रस्ताव’ हा शब्द देवनागरीत. चर्चेत ठरलेली गोष्ट त्याच दिवशी प्रस्तावाच्या फाइलमध्ये जाईल आणि फाइलमध्ये झुलिपच्या विषयाचा दुवा असेल. एकट्या चॅटवर निर्णय राहणार नाही.

आता मदत हवी आहे ती शब्दसूचीची. तत्सम शब्दांचं सामान्यरूप सोपं आहे. ‘धागा’, ‘ढाचा’, ‘पाया’, ‘गाभा’ अशा आकारान्तांची रूपं, आणि ‘स्ट्रिंग’, ‘लूप’, ‘मॉड्यूल’ यांची लोक खरोखर लिहितात ती अनेकवचनं (‘लूप्स’ की ‘लुपं’?) पाठवा. एका ओळीत एक शब्द, रकाने टॅबने वेगळे, फाइल यूटीएफ-८. स्प्रेडशीटमधून काढताना सुरुवातीला बीओएम (एक न दिसणारं चिन्ह) येत नाही ना, ते पाहा. आला तर पहिल्या ओळीचा शब्द कशाशीच जुळत नाही.