गॅलापागोस क्रूझचा शेवटचा दिवस : माझा अनुभव

क्रूझचा शेवटचा दिवस म्हणजे बॅगा उचला आणि एअरपोर्ट गाठा, त्यात बघण्यासारखं काय असणार, असं बरेच जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. गॅलापागोस म्हणजे पॅसिफिक महासागरातली इक्वेडोरची बेटं, आणि आमची सफर त्यातल्याच बाल्ट्रा बेटाच्या एअरपोर्टवर संपणार होती, शेवटच्या दिवशी हातात जेमतेम अर्धी सकाळ होती, पण तेवढ्यात जे बघितलं आणि समजलं ते आधीच्या सगळ्या दिवसांच्या तोडीचं होतं. फक्त त्यासाठी आदल्या रात्री सगळं आवरून ठेवावं लागतं.

आदल्या रात्री जेवणानंतर गाइड दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक सांगते. बोटीवरचं बिल तेव्हाच चुकतं करायचं, भाड्याने घेतलेला वेटसूट आणि मास्क परत द्यायचे, आणि टिपची पाकिटं भरायची, गाइडचं वेगळं आणि क्रूचं वेगळं. इक्वेडोरमध्ये 2000 सालापासून अमेरिकन डॉलरच चालतो, त्यामुळे सुट्ट्या नोटा सुरुवातीपासूनच जपून ठेवा, भर समुद्रात एटीएम कुठून येणार. चेक-इनची बॅग पहाटे केबिनच्या दाराबाहेर ठेवायची, ती थेट एअरपोर्टला जाते, म्हणून औषधं, पासपोर्ट, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि एक कोरडा कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत. आणखी एक, बुटांची वाळू झाडा आणि सगळे खिसे तपासा. शंख, वाळू, लाव्हाचा खडा, बेटांवरचं काहीही बाहेर नेता येत नाही.

बेटांवर उतरायची वेळ सकाळी सहापासून सुरू होते आणि आम्ही उजाडता उजाडता पांगात बसलो (तिथे छोट्या रबरी मोटरबोटीला सगळे पांगाच म्हणतात). जायचं होतं नॉर्थ सीमोरला. बाकीची मोठी बेटं ज्वालामुखीच्या तोंडातून निघालेल्या लाव्ह्याचे डोंगर आहेत, पण हे बेट समुद्राच्या तळावर साचलेला लाव्हा खालून वर उचलला गेल्यामुळे तयार झालंय, म्हणून ते असं सपाट, टेबलासारखं दिसतं. बाल्ट्राही तसंच. काळ्या दगडांवर पाय टाकून उतरलो आणि खुणेच्या खांबांमधून वाट धरली, निष्पर्ण पालो सांतोची झाडं, आणि जिकडे बघावं तिकडे पक्षी.

प्राण्यांपासून दोन मीटर अंतर ठेवायचा नियम आहे पण तो प्राण्यांना कुठे ठाऊक, निळ्या पायांचा एक बूबी (हा समुद्रपक्षी) वाटेच्या मधोमध अंड्यावर बसला होता, आम्हीच वळसा घालून गेलो. सगळ्यात जास्त वेळ गेला फ्रिगेटबर्डमध्ये. नर गळ्याखालची लाल पिशवी फुगवून, पंख पसरून, चोच आभाळाकडे करून बसतात आणि वरून मादी गेली की सगळेच्या सगळे थरथरायला लागतात. इथे त्यांच्या दोन जाती शेजारी शेजारी राहतात, एका जातीच्या नराच्या पाठीवर जांभळट झाक असते तर दुसऱ्याच्या हिरवट, आणि तिरप्या उन्हात ती मला पहिल्यांदा स्पष्ट दिसली. समुद्रपक्षी असूनही यांचे पंख पाण्यात भिजतात, त्यामुळे पाण्यावर उतरता येत नाही, मग पृष्ठभागावरून अलगद मासा उचलायचा नाहीतर बूबीने पकडलेला हिसकावायचा. तो पाठलाग आमच्या डोक्यावर चालला होता आणि कोणीच फोटो काढेना, नुसते बघत उभे होतो.

मग निवडुंगाखाली पिवळा लँड इग्वाना (जमिनीवर राहणारा मोठा सरडा) दिसला आणि गाइडने त्याची हकीकत सांगितली. हा इग्वाना मुळात नॉर्थ सीमोरचा नाहीच. शेजारच्या बाल्ट्रावर तो असायचा, 1930 च्या दशकात एका मोहिमेतल्या लोकांनी तिथले काही इग्वाना उचलून इकडे आणून सोडले. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाल्ट्रावर अमेरिकेचा हवाई तळ झाला आणि 1950 च्या दशकापर्यंत तिथला इग्वाना पार संपला. इकडे आणलेले तेवढे वाचले. त्यांच्यातूनच चार्ल्स डार्विन संशोधन केंद्रात पिल्लं वाढवली आणि 1991 पासून ती बाल्ट्रावर परत सोडायला सुरुवात झाली. हे ऐकताना अंगावर काटा आला, कारण तासा-दोन तासात आम्ही त्याच बाल्ट्रावर उतरणार होतो.

परत बोटीवर येऊन घाईघाईत नाश्ता, केबिनची किल्ली दिली, क्रूचे निरोप घेतले, त्यात माझे डोळे भरून आले हे सांगायला मला संकोच नाही. पांगाने बाल्ट्राच्या धक्क्यावर, तिथून बसने एअरपोर्ट, अगदी थोडं अंतर. रस्त्यावर इग्वानांसाठी गाड्या हळू चालवा अशा पाट्या आहेत, आणि एका ठिकाणी ड्रायव्हरने खरंच बस थांबवली कारण एक पिवळा महाराज आरामात रस्ता ओलांडत होता. सकाळची ती हकीकत ऐकली नसती तर मी बहुतेक फोनमध्येच बघत बसलो असतो.

एअरपोर्टवर गाइड बॅगांपर्यंत सोबत होती, त्यामुळे चेक-इन सोपं गेलं. येताना बेटांवर प्रवेशासाठी घेतलेलं ट्रान्झिट कार्ड जाताना लागतं, ते पासपोर्टमध्येच ठेवा. बॅगांची तपासणीही होते. त्यानंतर मात्र वाट बघणं आहे, तेव्हा पाणी आणि थोडा खाऊ जवळ हवा.

पुढची तिकिटं काढताना दोन गोष्टी बघा. बेटांचं घड्याळ मुख्य भूमीच्या एक तास मागे आहे, त्यामुळे ग्वायाकिल किंवा किटोला पोचल्यावर एक तास आपोआप कमी होतो. आणि किटोची बरीच विमानं मध्ये ग्वायाकिलला थांबतात. त्याच रात्रीचं इंटरनॅशनल विमान धरण्यापेक्षा एक मुक्काम ग्वायाकिलला ठेवा आणि दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढा, आम्ही तसंच केलं म्हणून त्या सकाळी कोणीच सारखं घड्याळाकडे बघत नव्हतं.