लेस्टर ते केझिक: कॅरॅव्हॅनला नवे टायर घालून

मे महिन्यातल्या शाळेच्या सुट्टीत आम्ही इंग्लंडमधल्या लेस्टरहून लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिकला जाऊन आलो, मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीने ओढायचं चाकांवरचं घर, जोडून. तळी, डोंगर आणि पाऊस यांवर लिहिणारे खूप आहेत. मी टायरवर लिहिणार आहे, कारण ओळखीतल्या काही घरांनी नुकतीच सेकंडहँड कॅरॅव्हॅन घेतली आहे आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो: टायर कोणत्या कंपनीचे घेऊ?

कंपनी शेवटी बघायची. आधी टायरचं वय, मग तो किती वजन पेलतो ते.

बाबा नाशिकहून आले होते. चाकाशी बसून म्हणाले, "अरे, नक्षी तर नवीकोरी आहे. गोटा होईपर्यंत चालव की!" त्यांचंही चुकीचं नाही. रोज धावणाऱ्या गाडीचा टायर झिजून संपतो. कॅरॅव्हॅन मात्र वर्षातले बहुतेक महिने एकाच जागी, पूर्ण वजन अंगावर घेऊन, उन्हापावसात उभी असते. रबर आतून कडक होत जातं, कडेला बारीक भेगा पडतात आणि नक्षी तशीच राहते. कायद्याला इथे नक्षीची खोली १.६ मिलिमीटर पुरते, आणि कॅरॅव्हॅनला एमओटी, म्हणजे गाड्यांची वार्षिक सक्तीची तपासणी, नसल्यामुळे दरवर्षी कुणी तपासायलाही येत नाही. कॅरॅव्हॅनवाल्यांत रूढ असलेला सल्ला असा: पाच वर्षांनी टायर बदला, सातच्या पुढे अजिबात वापरू नका.

वय टायरवरच लिहिलेलं असतं. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. आमच्या टायरवर ३२१६ होतं, म्हणजे २०१६ सालचा बत्तिसावा आठवडा. हे आकडे कधीकधी टायरच्या आतल्या बाजूलाच असतात. मग अंगाखाली चटई घालून टॉर्च घेऊन खाली शिरायचं. कॅरॅव्हॅन विकत घ्यायला जाल तेव्हा हे आकडे बघितल्याशिवाय भाव करू नका. स्टेपनीचेही बघा. ती कधी रस्त्याला लागलेली नसली तरी तिचं वय वाढतच असतं.

आता वजन. दाराजवळच्या पट्टीवर एमटीपीएलएम लिहिलेलं असतं, म्हणजे सामानासकट जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा. आमचा १५०० किलो आहे. एकच आस असल्यामुळे दोन चाकं, म्हणून एका चाकावर ७५० किलो. टायर किती वजन पेलतो ते त्यावरच्या लोड इंडेक्स या आकड्यावरून कळतं. ७५० किलोला लोड इंडेक्स ९८ नेमका पुरतो, पण नेमका पुरणारा टायर घ्यायचा नसतो. टायरवर त्याच्या ताकदीच्या नव्वद टक्क्यांपेक्षा जास्त भार नको. म्हणजे ७५० भागिले ०.९, झाले ८३३ किलो. लोड इंडेक्स १०१ म्हणजे ८२५, तो कमी पडतो. १०२ म्हणजे ८५०, तो चालतो. आमच्या जुन्या टायरचं माप १८५ आर १४ सी आणि इंडेक्स १०२/१०० असाच होता. या जोडीतला पहिला आकडा एकेकट्या चाकासाठी, दुसरा ट्रकसारखी एका बाजूला दोन चाकं चिकटून असतात तिथला. दोन आसांच्या मोठ्या कॅरॅव्हॅनलाही पहिलाच आकडा लागू होतो. इथे दुकानातली माणसंसुद्धा गोंधळतात.

फोनवर एका दुकानाने १९५/७० आर १४, इंडेक्स ९१ असा टायर सुचवला. स्वस्त होता, आणि "चौदा इंची तर चौदा इंची" असं ऐकायला मिळालं. ९१ म्हणजे ६१५ किलो. दोन मिळून १२३०. कारला उत्तम टायर, पण आमची कॅरॅव्हॅन त्यावर उभीसुद्धा करू नये.

शेवटी दोन पर्याय उरले. एक व्हॅनचा सी टायर, १०२/१०० चा. दुसरा फक्त ट्रेलरसाठी बनवलेला, इंडेक्स १०४, म्हणजे ९०० किलो पेलणारा. अशा टायरवर एफआरटी अशी खूण असते आणि तो कारच्या किंवा व्हॅनच्या चाकाला लावायचा नसतो. जास्त ताकद म्हणजे जास्त चांगलं, असं मला वाटत नाही. फार कडक टायर खड्ड्याचा प्रत्येक धक्का वर पोचवतो आणि आतल्या कपाटांचे स्क्रू ढिले होतात. ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी व्हॅनच्या टायरची वरची होती. ब्रेक लागतो तेव्हा कॅरॅव्हॅनची चाकंही थांबत असतात आणि लेक डिस्ट्रिक्टमध्ये रस्ता कोरडा असणं हा अपवाद, म्हणून आम्ही व्हॅनचेच घेतले. स्टेपनीसकट तिन्ही एकाच मापाचे. वेगाची काळजी करू नका. कॅरॅव्हॅनला मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा आहे आणि असले टायर त्याच्या खूप वरचा वेग सहन करतात. सीपी खुणेचे टायर मात्र मोटरहोमसाठी असतात, ते कॅरॅव्हॅनला नकोत.

ऑर्डर देताना सांगून ठेवा की सहा महिन्यांहून जुना माल चालणार नाही. नाहीतर दोन वर्षं गोदामात पडलेला "नवा" टायर मिळेल आणि पाचातली दोन वर्षं तिथेच गेली. व्हॉल्व्हही नवे घ्या. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच चालतो आणि कॅरॅव्हॅनची हवा त्या आकड्याच्या जवळ जाते. आम्ही धातूचे बसवले. चाकाच्या आत टायरॉनचे पोलादी पट्टे (टायर फुटला तरी तो रिमवरून निसटू नये म्हणून बसवतात ते) असतील तर टायरवाल्याला आधीच सांगा, सगळ्यांना ते काढता-बसवता येत नाहीत.

टायर बदलल्यावर बोल्ट थोडे बसतात, म्हणून पन्नासेक किलोमीटरवर टॉर्कच्या पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा बघायचे असतात. लेस्टरहून एम ६९ या मोटरवेवरून एम ६ ला लागलं की कॉर्ली सर्व्हिसेस हा थांबा साधारण त्याच अंतरावर येतो. तिथे चहाच्या आधी पाना काढला. डावीकडचा एक बोल्ट किंचित फिरला. टॉर्कचा आकडा तुमच्या हँडबुकातलाच घ्या, स्टीलच्या आणि अलॉयच्या चाकांचा वेगळा असतो. नुसत्या हाताच्या जोराने आवळू नका आणि पायाने तर नकोच.

बर्मिंगहॅमनंतरचा एम ६ कंटाळवाणा आहे. तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजव्या लेनमध्ये कॅरॅव्हॅन न्यायची परवानगी नाही, त्यामुळे लॉऱ्यांच्या मागे निमूट जायचं. मागे कॅरॅव्हॅनमध्ये पाय पसरून झोपायची आईची इच्छा होती, पण चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसं बसवायला इथे बंदी आहे. पाहुणे आले तर हे आधीच सांगून ठेवा.

टेबे सर्व्हिसेसला मात्र नक्की थांबा. जंक्शन ३८ आणि ३९ च्या मध्ये शेतकरी कुटुंबाने चालवलेली ही जागा आहे, तिथे कॅरॅव्हॅन साइटही आहे. पुढे शॅपचा चढ लागतो, जवळपास ३१६ मीटरपर्यंत. चढाआधी थांबून हब, म्हणजे चाकांचे मधले भाग, फार तापलेत का ते बघणं बरं. हात टेकवायचा नाही, जवळ नेला तरी कळतं. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक घासतोय असं समजा.

जंक्शन ४० ला उतरून ए ६६ ने केझिक. कॅरॅव्हॅन घेऊन कर्कस्टोन किंवा हॉनिस्टरच्या घाटात शिरू नका. ती साइटवर ठेवा आणि नुसती गाडी घेऊन फिरा. जवळच्या सीथवेटला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आंबोलीचा माणूस याला हसेल, पण गवतावर रुतलेली गाडी बाहेर काढताना हसू येत नाही. पक्क्या जमिनीची जागाच बुक करा. कॅरॅव्हॅनचे टायर कितीही चांगले असले तरी ओढायचं काम पुढच्या गाडीचं असतं.

हवा सकाळी टायर थंड असतानाच मोजायची. किती भरायची ते पट्टीवर किंवा हँडबुकात असतं. टायरचा लोड इंडेक्स बदलला असेल तर टायर कंपनीला तुमचं वजन सांगून आकडा विचारा. आणि निघण्याआधी सगळं भरून एकदा वजनकाट्यावर न्या. आमच्याकडे तांदळाची पिशवी, कुकर, ऑनिंग (कॅरॅव्हॅनला जोडायचा तंबू) आणि गॅस मिळून अंदाजापेक्षा बरंच जास्त भरलं.

युरोपात जाणार असाल तर जर्मनीचा नियम लक्षात ठेवा. तिथे ट्रेलर ओढताना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. १०० ची परवानगी हवी असेल तर ट्रेलरचे टायर सहा वर्षांच्या आतले लागतात.

शेवटचं, स्टेपनीबद्दल. बऱ्याच कॅरॅव्हॅनमध्ये ती खाली नळीच्या कॅरियरवर असते आणि कॅरियर गंजून अडकतो. घराच्या दारातच एकदा ती काढून परत बसवून बघा. कॅरॅव्हॅनच्या चासीला बसेल असा जॅक आहे का तेही तेव्हाच कळेल, कारचा जॅक तिथे उपयोगाचा नाही.